अंबरनाथ-बदलापूर : आठ किलोमीटरचा प्रश्न

माझी मावशी उल्हासनगरात चार नंबरला, म्हणजे चौथ्या कॅम्पात राहते. आम्ही बदलापूर पूर्वेला, कात्रपकडे. मध्ये अंबरनाथ. एका दिवाळीत फराळ घेऊन तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा घरात माणसं चार होती आणि मतं पाच. वडील म्हणाले, लोकलने विठ्ठलवाडीला उतरायचं, तिथून पायी. भावाने बाइकची किल्ली आधीच बोटात अडकवली होती. वहिनीच्या कडेवर मूल आणि हातात चकल्यांचा डबा, त्यामुळे तिला दारातून दारापर्यंत रिक्षा हवी होती. आईने सकाळी एक आणि दुपारी दुसरं मत दिलं. शेवटी आम्ही तीन वाटांनी निघालो आणि मावशीच्या दारात पाच-सात मिनिटांच्या फरकाने पोहोचलो. लोकलवाल्यांना गाडी लगेच मिळाली, पण स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षाने वेळ खाल्ला. बाइक अंबरनाथमध्ये कोंडीत अडकली. रिक्षा उल्हासनगरातल्या श्रीराम चौकात थांबून राहिली. प्रत्येकाला साधारण तासभर लागला. तिकडे लोकल बदलापूरहून विठ्ठलवाडीला धावते ती फार तर वीस-बावीस मिनिटं.

उरलेली मिनिटं जातात कुठे, हा या लेखाचा विषय आहे. बदलापूरकर मुंबईला कसा जातो यावर आजवर पुष्कळ लिहून झालंय; दारात लटकलेल्या माणसांचे फोटोही दर पावसाळ्यात छापून येतात. पण उल्हासनगरचा माणूस बदलापूरला, अंबरनाथचा तळोज्याला किंवा बदलापूरचा पनवेलला कसा जातो, हे सहसा कोणी विचारत नाही. या शहरांतल्या लोकांची निम्मी कामं मात्र शेजारीच असतात. प्रांत कार्यालय उल्हासनगरात, अंबरनाथ तालुक्याचं तहसील अंबरनाथला, गाडीचं पासिंग कल्याणच्या आरटीओत. ठाणे पोलीस आयुक्तालयाचं परिमंडळ ४ या तिन्ही शहरांचं मिळून एकच. लग्नाचा बस्ता गजानन मार्केटातून, मध्यवर्ती रुग्णालय तीन नंबरला, शिवमंदिर अंबरनाथला आणि भाड्याने परवडणारं घर बदलापुरात. एवढ्या येण्याजाण्याला आपण ‘प्रवास’ म्हणत नाही, ‘जाऊन येणं’ म्हणतो. त्यामुळे त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही.

मुळात ही रेल्वे या शेजाऱ्यांसाठी घातलेलीच नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळवरून खोपोलीकडे गेली. इंग्रजांचा डोळा बोरघाटावर होता. देशावरचा कापूस बंदरात आणायचा होता. वाटेतली गावं गाडीच्या खिडकीतून दिसत तेवढाच त्यांचा संबंध. आज ज्या तीन शहरांविषयी आपण बोलतोय, ती या रुळांच्या कडेला नंतर उगवली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. कॅम्पांचे नंबर मात्र लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. अंबरनाथला शके ९८२ चा शिलालेख असलेलं शिलाहारकालीन शिवमंदिर होतं, पण शहर वाढलं ते विमको, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे एमआयडीसीमुळे. बदलापूर सगळ्यांत शेवटी फुगलं, मुंबई-ठाण्यात घर न परवडणाऱ्यांनी. घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, अशी नावाची गोष्ट इथे सगळे सांगतात. खरी-खोटी जाऊ द्या. गाडी बदलण्याचं या गावाचं काम सुटलेलं नाही, एवढं मात्र रोजच्या अनुभवाने सांगता येईल.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती, अंबरनाथची अडीच लाखांच्या घरात आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या, ते खरवई किंवा बेलवलीच्या गच्चीवर उभं राहून कोणीही पाहावं.

तर पहिली वाट, लोकल. कल्याण मुंबईपासून साधारण ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही स्टेशनं दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरवर एकमेकांना खेटून उभी आहेत. अंबरनाथ ते बदलापूर मात्र एकदम आठ किलोमीटर. कल्याणच्या पुढे फास्ट आणि स्लो हा भेदही संपतो, प्रत्येक लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबते. त्यामुळे उल्हासनगरहून अंबरनाथला जाणाऱ्याने इंडिकेटरवर काय लिहिलंय ते वाचायचीही गरज नसते. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली, कोणतीही चालते. बदलापूरला जायचं असलं की वाचावं लागतं, कारण काही गाड्या अंबरनाथलाच संपतात. नवखा माणूस हमखास अशा गाडीत बसतो आणि अंबरनाथच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत वडापाव खातो. वांगणी-शेलूकडे जायचं असेल तर वाट पाहण्याची तयारी आणखी मोठी हवी.

तिकीट पाच-दहा रुपयांचं. या किमतीत इतक्या अंतरावर, इतक्या वेगाने नेणारं दुसरं काहीही जगात कुठे असेलसं वाटत नाही. तरीही शेजारच्या शहरात जाणारा माणूस लोकल टाळतो. का, ते सकाळी साडेसात-आठला बदलापूरच्या फलाटावर उभं राहिलं की कळतं. गाडी मुंबईकडे चाललीय, आतला प्रत्येक जण ठाणे, घाटकोपर, दादरच्या हिशेबाने उभा आहे आणि तुम्हाला उतरायचंय उल्हासनगरला, म्हणजे दुसऱ्याच स्टेशनवर. दारातल्या ग्रुपला असा माणूस मुळीच आवडत नाही. ‘उल्हासनगरला उतरायचं होतं तर चढला कशाला?’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय आणि, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या एका दिवशी मुंबईला जाताना मनातल्या मनात म्हटलंही आहे. आत सरकावं तर उतरता येत नाही, दारात थांबावं तर शिव्या. थोड्या अंतराच्या प्रवाशाला या गाडीत जागाच नाही, बसायची तर नाहीच, उभं राहायचीही नाही.

याच्या उलट एक चमत्कारिक शेजारप्रवास इथे रोज चालतो. उल्हासनगरचा किंवा अंबरनाथचा नोकरदार सकाळी मुंबईकडे निघतो ते आधी बदलापूरच्या दिशेने. डाऊन गाडीने बदलापूरला जायचं, सीट धरायची, तीच गाडी अप होऊन सुटली की आपल्याच स्टेशनवरून ऐटीत बसून पुढे. संध्याकाळी मुंबईत अशीच कसरत उलट बाजूने होते. याला लोक ‘रिटर्न’ म्हणतात. बदलापूरकरांना आपल्याच स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळत नाही, त्यावरून भांडणं होतात, क्वचित हातघाईही. नियमाने पाहिलं तर डाऊनचं तिकीट किंवा तिथपर्यंतचा पास असेल त्याला कोणी अडवू शकत नाही. उल्हासनगर-बदलापूर दरम्यानच्या सकाळच्या प्रवाशांत किती जण खरोखर बदलापूरला येतात आणि किती जण फक्त सीटला येतात, याची मोजदाद कोणी केली तर मोठं मनोरंजक होईल.

या गर्दीचं मूळ साधं आहे. कल्याणपासून कर्जतपर्यंत रूळ दोनच. त्याच दोन रुळांवरून पुण्याच्या, सोलापूरच्या, दक्षिणेच्या मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि उरलेल्या फटींत लोकल. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा फायदा कल्याणपर्यंत जाणवतो. पुढे आलं की पुन्हा जुनीच वाट. एखादी एक्स्प्रेस उशिरा आली की मागची लोकल अंबरनाथच्या अलीकडे उभी. उतरून चालत गेलो असतो तर पोहोचलो असतो, असं म्हणत माणसं उभी राहतात. फेऱ्या वाढवायच्या तर जागा नाही. म्हणून एक गाडी आणायची तर दुसरी काढावी लागते, आणि काढली की काय होतं ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्यावर कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी चिडून उतरले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले. त्यांतली एक गाडी कर्जतकडे निघालेली होती. या भागातल्या किती घरांत त्या सकाळी फोनवर फोन झाले असतील ते सांगायला नको.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ‘एमयूटीपी ३ अ’ या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पात २०१९ ला मंजूर झाली. लांबी चौदा किलोमीटर. त्याच कामाला जोडून अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन व्हायचंय. माझ्या मते या सगळ्या आढाव्यात सर्वांत महत्त्वाचं नाव हेच आहे, आणि वर्तमानपत्रांत ते मेट्रोच्या मानाने दहाव्या हिश्श्यानेही येत नाही. आठ किलोमीटरच्या त्या रिकाम्या पट्ट्यात आता इमारतींची रांग लागलीय. तिथे राहणारा माणूस आज अंबरनाथला किंवा बदलापूरला रिक्षाने जातो, म्हणजे त्याला मुंबईला जायचं असो की तीन किलोमीटरवर मेहुणीकडे, सुरुवात रिक्षानेच. बदलापूर ते कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेलाही केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली, ती ३२ किलोमीटरची. रूळ चार झाले तर एक्स्प्रेस आणि लोकल वेगळ्या होतील. तोपर्यंत वेळापत्रक हे फक्त इच्छापत्र.

उल्हासनगरचा गुंता वेगळा आहे आणि बाहेरच्याला तो लवकर कळत नाही. शहर जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचं, पण ते एका स्टेशनचं नाही. एक आणि दोन नंबरवाल्यांना शहाड जवळ, तीन नंबरला उल्हासनगर, चारला विठ्ठलवाडी आणि पाच नंबरवाला अर्धा विठ्ठलवाडीचा, अर्धा अंबरनाथचा. त्यातलं शहाड कसाऱ्याच्या फाट्यावर. म्हणजे सेंच्युरी रेयॉनजवळ राहणाऱ्याला लोकलने बदलापूरला यायचं तर शहाडहून उलटं कल्याणला जा, जिने चढा-उतरा, फलाट शोधा आणि मग कर्जतच्या बाजूची गाडी धरा. त्यापेक्षा तो शहर ओलांडून उल्हासनगर स्टेशनपर्यंत रिक्षा करतो. नकाशात एकच शहर दिसतं, पण एक नंबरचा माणूस आणि पाच नंबरचा माणूस यांची बदलापूरला यायची रीत पूर्ण निराळी असते. म्हणून ‘उल्हासनगरहून बदलापूरला कसं जायचं?’ असं कोणी विचारलं की आधी विचारावं, कितवा नंबर?

इथे रिक्षाचा विषय येतो, आणि तो मला लोकलपेक्षा मोठा वाटतो. या तिन्ही शहरांत अंतर्गत वाहतूक म्हणजे रिक्षा, दुसरं जवळजवळ काही नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, पण ते मीटरचं. आपल्याकडे मीटर ही रिक्षाच्या पुढच्या भागातली शोभेची वस्तू आहे. चालतं ते शेअर. स्टँडवर रांग, मागे तीन आणि पुढे चालकाच्या शेजारी अर्ध्या मांडीवर चौथा. नियमात चौथा बसत नाही. गर्दीच्या वेळी तो बसल्याशिवाय रिक्षा हलतही नाही. रस्ता ठरलेला, भाडं ठरलेलं, स्टँडच्या हद्दी तर त्याहून पक्क्या. पूर्वेच्या स्टँडची रिक्षा पश्चिमेला जायला नाखूश, अंबरनाथची रिक्षा बदलापूरच्या स्टेशनवरून प्रवासी घेणार नाही. शहर ओलांडायचं म्हटलं की ‘स्पेशल’ करावी लागते आणि स्पेशलचा भाव चालक तुमच्या हातातल्या पिशव्यांकडे पाहून सांगतो. परतीचं भाडं मिळणार नाही, हे त्याचं कारण खोटं नसतं. हद्दच तशी आखलीय.

परिणाम काय होतो ते पाहा. पाच-दहा रुपयांच्या लोकलला दोन्ही टोकांना शेअर रिक्षा जोडली की खर्च कित्येक पट होतो. दोघं-तिघं असतील तर स्पेशल रिक्षा जवळजवळ त्याच पैशांत दारात सोडते. वहिनीचं गणित त्या दिवशी चुकलं नव्हतं. एकटा कॉलेजचा मुलगा लोकलच धरेल. मूल, म्हातारं माणूस आणि सामान घेऊन निघालेली बाई रिक्षा करेल. रात्री साडेअकरानंतर स्टेशनवर उतरणाऱ्या बाईला तर पर्यायच नसतो. शेअरची रांग मोडलेली असते, स्टँडवर दोन रिक्षा आणि दोन्ही ‘स्पेशल’. डब्यात रात्रीचा पोलीस असतो, स्टेशनबाहेर पडल्यावर तो नसतो. म्हणून कितीतरी घरांत नवरा, भाऊ किंवा मुलगा बाइक घेऊन रात्री स्टेशनच्या जिन्याखाली उभा दिसतो. वाहतुकीच्या कुठल्याही आराखड्यात या उभ्या राहणाऱ्या माणसाचा वेळ मोजलेला नाही.

बाइकच्या वाढीचं कारण हेच. हौस कमी, हद्दीतून सुटका जास्त. एमएच ०५ ची दुचाकी असली की स्टँड नको, नंबर नको, पूर्व-पश्चिम नको. निदान कागदावर. प्रत्यक्षात रूळ ओलांडायला उड्डाणपूल मोजके, त्यामुळे बदलापूरच्या पुलावर संध्याकाळी सगळं गाव एकमेकांच्या आरशांना कोपरं लावत उभं असतं. पश्चिमेच्या मांजर्लीहून पूर्वेच्या कात्रपला जायला जो वेळ लागतो, त्यात लोकल अंबरनाथ गाठते.

रस्ते मुख्यतः दोन. जुना कल्याण-बदलापूर रस्ता उल्हासनगर आणि अंबरनाथच्या पोटातून जातो. त्यावर शाळा, बाजार, रिक्षा स्टँड, लग्नाच्या वराती, गणपतीचे मांडव, सगळं आहे. रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झालं, अतिक्रमणं तुटली, पुन्हा आली. दुसरा काटई-बदलापूर रस्ता, ज्याला सगळे पाइपलाइन रोड म्हणतात. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून ज्या बाजूने जातं, त्याच्या कडेने हा रस्ता बदलापूरहून नेवाळी, खोणीवरून काटई नाक्याला निघतो. उल्हासनगर-अंबरनाथचा बाजार टाळायचा असेल तर हाच. खड्डे नसतील त्या महिन्यांत तो सुखाचा वाटतो. पण तो शहरांच्या कडेने जात असल्यामुळे अंबरनाथच्या मधल्या वस्तीला त्याचा फायदा अर्धवट. नाक्यापर्यंत पुन्हा रिक्षा. नेवाळी नाक्यावर कंटेनर, टँकर, दुचाकी आणि मलंगगडाकडून आलेल्या गाड्या यांची जी गाठ पडते ती सोडवायला वाहतूक पोलिसाची शिट्टी पुरत नाही.

बसबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लिहिण्यासारखं थोडंच आहे. कल्याण-डोंबिवलीची परिवहन सेवा १९९९ पासून आहे. उल्हासनगर महापालिकेची सेवा मध्यंतरी बंद पडली आणि २०२४ मध्ये इलेक्ट्रिक बस घेऊन पुन्हा सुरू झाली. एसटीचं विठ्ठलवाडीत आगार आहे आणि मुरबाडकडे जाणाऱ्याला लाल डबा हाच आधार. पण कल्याण-बदलापूर रस्त्यावर दर दहा मिनिटांनी, सकाळी सहा ते रात्री बारा, दोन्ही बाजूंनी धावणारी एक साधी बस, जिच्या भरवशावर घड्याळ लावावं, अशी आमच्या पिढीने पाहिली नाही. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते. १९९२ मध्ये ते बाहेर पडले. करांच्या, पाण्याच्या, राजकारणाच्या हिशेबात ते बाहेर पडणं योग्य असेल-नसेल, बसच्या हिशेबात मात्र एका रस्त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला मालक वेगळा. सगळ्यांची मिळून एकच परिवहन सेवा करावी, अशी चर्चा अधूनमधून उठते. अजून तरी ती चर्चाच आहे.

आता दुसरा शेजार, दक्षिणेचा. तळोजा, महापे, तुर्भे, पनवेल. अंबरनाथ-बदलापूरच्या कामगारांना आणि इंजिनियरांना तिकडे रोज जावं लागतं आणि पुढे नवी मुंबईच्या विमानतळामुळे हे जाणं वाढेल. पक्ष्याच्या वाटेने पनवेल बदलापूरपासून दूर नाही. मध्ये मलंगगड, चंदेरी, पेब आणि माथेरानची डोंगररांग आडवी पडलीय. त्यामुळे माणसाला वळसा. लोकलने जायचं तर ठाण्यापर्यंत मुंबईच्या गर्दीतून जाऊन ट्रान्सहार्बर पकडायची. ठाणे-वाशी रेल्वे २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा तो मोठाच दिलासा होता, पण ठाण्याला उतरून जिने चढत-उतरत १० नंबरकडे जाणाऱ्या लोंढ्यात एकदा शिरून पाहावं. कळवा-ऐरोली उन्नत जोडमार्ग झाला तर कल्याणकडची गाडी ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईत उतरेल. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं, पण जोडमार्ग तिथल्या रहिवाशांच्या पुनर्वसनापाशी अडलाय. रस्त्याने जायचं तर पाइपलाइन रोडने काटई, तिथून शिळफाटा, महापे. शिळफाट्याचं नाव काढलं की कंपनीच्या बसमधला माणूस डोळे मिटून झोपी जातो, कारण जागं राहून उपयोग नसतो. खोणीवरून तळोज्याकडे उतरणारा रस्ता त्या मानाने मोकळा, आणि तळोजा-पनवेलवाल्याने तोच धरावा. माझ्या ओळखीतले बहुतेक जण बाइकने जातात. पावसात नाइलाजाने गाड्या बदलत.

या दिशेला दोन कामं लक्ष ठेवण्यासारखी आहेत. एक, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, ज्यात वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. तो सुरू झाल्यावर बदलापूरहून आधी दक्षिणेला कर्जतला जाऊन पनवेल गाठता येईल. अंतर वाढेल, पण गर्दीच्या उलट दिशेने बसून जाता येईल. दुसरं, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग. तो बदलापूरजवळून येतो आणि माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब दुहेरी बोगद्याने पनवेलच्या बाजूला निघतो. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला डोंगराचा वळसा संपेल. शेअर रिक्षाच्या रांगेतल्या माणसाला त्या बोगद्याचा उपयोग किती, हे त्यातून बस सोडली जाते की नाही यावर आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलताना ऐकलेलं नाही.

मेट्रो १४ चं काय? कांजूरमार्गहून घणसोली, महापे, निळजे, अंबरनाथ करत बदलापूर, सुमारे ३८ किलोमीटर. निवडणुकांच्या आसपास तिचे फलक चौकाचौकांत लागतात आणि बिल्डरांच्या जाहिरातींत ती कधीचीच धावतेय. ती होईल तेव्हा नवी मुंबईचा प्रश्न खरोखर हलका होईल, यात शंका नाही. पण कात्रपहून चार नंबरला जाणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. तीच गोष्ट ऐरोली-काटई उन्नत रस्त्याची. मोठ्या प्रकल्पांची सगळी टोकं मुंबईत किंवा नवी मुंबईत बांधलेली असतात आणि इथली शहरं ही त्यांची शेपटं. शेपटाकडून शेपटाकडे जायची सोय कोणाच्या कार्यकक्षेत येत नाही.

पावसाळ्यात तर सगळीच गणितं पुसली जातात. उल्हास नदी आणि वालधुनी, दोघी चिडल्या की आधी बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा पाण्यात, मग रूळ. २७ जुलै २०१९ ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान चामटोलीजवळ पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. तो दिवस देशाने टीव्हीवर पाहिला. पण गाडी बंद पडली की इथे पर्यायी व्यवस्था किती पातळ आहे, ते पाऊस नसतानाही कळतं. २० ऑगस्ट २०२४ ला शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराच्या निषेधात लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, तेव्हा संध्याकाळपर्यंत लोकल बंद होती. लोकांचा संताप योग्यच होता. त्या दिवशी अंबरनाथहून बदलापूरला परतणाऱ्यांनी मात्र रिक्षाला मागेल ते दिलं, नाहीतर आठ किलोमीटर चालत घर गाठलं. एक वाट बंद झाली आणि दुसरी नव्हतीच.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण बाकीची इथे लागू होणार नाहीत. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे. आगगाडी तिथेही गर्दीचीच, पण घरापासून स्टेशनपर्यंतचा तुकडा त्यांनी प्रवासाचाच भाग धरला. आपल्याकडे स्टेशनजवळ सायकल लावली तर संध्याकाळी सीट किंवा चाक मिळेल याची खात्री नाही, आणि दुचाकीचं पे अँड पार्क सकाळी आठलाच भरलेलं असतं. सायकल इथे घाम, पाऊस आणि खड्डे यांच्यापुढे किती टिकेल ते मला ठाऊक नाही. स्टेशनपर्यंतचा दीड किलोमीटर कोणाची तरी जबाबदारी आहे, एवढी गोष्ट तरी त्यांच्याकडून घ्यावी.

कोणी आज मला विचारलं तर मी असं सांगेन. विठ्ठलवाडी, उल्हासनगर किंवा अंबरनाथ स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर काम असेल तर कितीही गर्दी असो, लोकल. फक्त सकाळी अप आणि संध्याकाळी डाऊन टाळा, आणि ते जमत नसेल तर मधल्या डब्यांचा नाद सोडून फलाटाच्या टोकाचा डबा धरा. शहाडच्या बाजूला जायचं असेल, किंवा तिघं-चौघं असाल, तर रिक्षा, भाव आधी ठरवून. तळोजा-पनवेलला खोणीची वाट. जुन्या कल्याण-बदलापूर रस्त्याने संध्याकाळी सहा ते नऊ कोणत्याही वाहनाने निघू नका, मावशी थांबेल.

आणि तिन्ही शहरांच्या कारभाऱ्यांना एकच विनंती आहे. मेट्रोचे फलक लावायचे तर लावा, पण चिखलोली स्टेशनची आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या एका बसची तारीख आधी जाहीर करा. आज अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन्ही नगरपरिषदांकडे स्वतःची परिवहन सेवा नाही.